परळ, सर्पगंधा आणि प्रोस्टेट: सेरोटोनिनच्या कुलपांची गोष्ट

सेरोटोनिन हा शब्द आपल्या पिढीला भेटला तो 'आनंदी राहण्याचे दहा उपाय' छापाच्या लेखांतून. चॉकलेट खा, सेरोटोनिन वाढेल. पळायला जा, सेरोटोनिन वाढेल. उन्हात बसा, तरी वाढेल. त्यामुळे हा रेणू म्हणजे मेंदूत बसलेला आनंदाचा कोणी होलसेल व्यापारी, अशी आपली एक समजूत झालेली असते. प्रत्यक्षात शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं. काही रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये असतं, थोडंसं मेंदूत असतं आणि अगदी चिमूटभर प्रोस्टेटमध्येही असतं. हो, प्रोस्टेटमध्ये. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती बसलेली ती अक्रोडाएवढी ग्रंथी, जिचं नाव साठीनंतरचे पुरुष डॉक्टरांसमोर सुद्धा हळू आवाजात घेतात.

या वीकेंडचा लेख त्या चिमटीबद्दल आहे. हे सेरोटोनिन तिथे काय करतं, कर्करोग झाला की ते काय करतं, आणि त्यातून औषध निघतं का? शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं की सगळी गोष्ट अमेरिकेत आणि युरोपात घडलेली असणार. पण धागा मागे मागे ओढत गेलो तर तो थेट मुंबईत परळला येऊन पोचला, आणि तिथून आणखी मागे गोव्याला. तर मंडळी, चहा घेऊन बसा, जरा लांबचा पल्ला आहे. :-)

मुळीपासून सुरुवात

१५६३ साली गोव्यात एक पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ऑर्ता, पोर्तुगीज वैद्य, १५३४ पासून गोव्यात राहिलेला. भारतातल्या औषधी वनस्पतींवर युरोपियन माणसाने लिहिलेलं हे पहिलं मोठं पुस्तक. त्यात साप चावल्यावर देतात त्या एका लाकडाचं वर्णन आहे आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती आपली सर्पगंधा. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस जी वनस्पती चघळतं म्हणतात, तीच ही. मुंगसाचं खरं-खोटं मुंगूस जाणे, पण वेड, निद्रानाश आणि ताप यांवर ही मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरली जायची. बिहारकडे तिचं नावच 'पागल की दवा' होतं.

तिचं शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. हे नाव मिळालं लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ. गंमत म्हणजे हा माणूस पश्चिम आशियात फिरला, पण भारतात कधी आलाच नाही. म्हणजे झाड आपलं, औषध आपलं आणि नाव मात्र अशा माणसाचं, ज्याने ते बहुधा कधी पाहिलंही नाही. असो.

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही मुळी वेडेपणावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर काम करते. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी दिल्लीत मुळीतून अल्कलॉइड वेगळी केली. पण जगाने दखल घेतली ती अठरा वर्षांनंतर, मुंबईच्या एका डॉक्टरमुळे.

डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११, मुंबईचे पारशी, शिक्षण लंडनला, काम परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये. १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यांचा एक लेख आला: वाढलेल्या रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झालं, त्याची शिस्तशीर नोंद. आजच्या मोजमापाने हा काही भव्य प्रयोग नव्हता. तिकडे प्लासिबो गट नाही, हजारो रुग्ण नाहीत. पण त्यात एक गोष्ट होती जी आधीच्या शेकडो वर्षांत नव्हती: उपचाराआधीचे आकडे, नंतरचे आकडे, आणि ते जगातल्या कुठल्याही डॉक्टरला वाचता येतील अशा जागी छापलेले. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला, आपल्या रुग्णांना औषध देऊन पाहिलं, आणि गाडी सुटली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य रेणू वेगळा केला: रेसरपिन. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी तो प्रयोगशाळेत शून्यातून बांधून दाखवला. आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला, जो अमेरिकेतला वैद्यकातला सगळ्यात मोठा मान समजतात.

इथपर्यंत सेरोटोनिनचं नावही आलेलं नाही. आता येतं.

कत्तलखान्यातलं नऊशे लिटर

इकडे वकील रक्तदाब उतरवायचं औषध शोधत होते, तेव्हा तिकडे क्लीव्हलंडमध्ये आयर्विन पेज नावाचे डॉक्टर रक्तदाब चढवणारा पदार्थ शोधत होते. रक्त गोठलं की त्यातून काहीतरी सुटतं ज्याने रक्तवाहिन्या आकसतात, हे जुनं निरीक्षण होतं. ते 'काहीतरी' म्हणजे काय? मॉरिस रॅपोर्ट आणि आर्डा ग्रीन यांनी कत्तलखान्यातून गुरांचा सुमारे नऊशे लिटर सीरम आणून त्यातून काही मिलिग्रॅम स्फटिक काढले. १९४८. सीरममधला, टोन म्हणजे ताण देणारा, म्हणून सेरोटोनिन. पुढच्या वर्षी रॅपोर्ट यांनी त्याची रचना सांगितली: ५-हायड्रॉक्सिट्रिप्टामिन, लाडाने ५-एचटी.

तिकडे इटलीत व्हिटोरियो एर्स्पामेर हे १९३० च्या दशकापासून आतड्यातल्या एका पदार्थावर काम करत होते. त्यांनी त्याला एंटेरामिन म्हटलं होतं. १९५२ मध्ये कळलं की एंटेरामिन आणि सेरोटोनिन एकच. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेला तोच पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सापडला. म्हणजे रक्त, आतडं, मेंदू, तिन्हीकडे एकच निरोप्या.

आणि मग १९५५ साली दोन्ही धागे जुळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत प्लेचर, शोर आणि ब्रॉडी यांनी सशांना रेसरपिन दिलं आणि दिसलं की शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतोय. आज यंत्रणा माहीत आहे: चेतापेशीत सेरोटोनिन छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं, आणि रेसरपिन त्या पिशव्यांत माल भरणारा पंपच बंद पाडतं. गोदामात माल येतो, पण आत ठेवता येत नाही, बाहेर पडून नासतो. सेरोटोनिनच नाही, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिनचंही तेच.

एखाद्या औषधाने मेंदूतलं रसायन बदलतं आणि त्याबरोबर वागणूकही बदलते, हे मोजून दाखवणारा हा अगदी सुरुवातीचा पुरावा. पुढची सगळी नैराश्याची औषधं या वाटेने आली. परळच्या एका वॉर्डातल्या पन्नास रुग्णांच्या तक्त्यापासून इथवर!

कुलपं मोजणारी माणसं

आता एक इंजिनियरी प्रश्न. निरोप्या एकच, मग आतड्यात गेला की मुरडा, रक्तवाहिनीत गेला की आकुंचन आणि मेंदूत गेला की मूड, असं वेगवेगळं का? आपल्या भाषेत सांगायचं तर मेसेज तोच, पण ऐकणारे लिसनर वेगळे. हे लिसनर म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं. किल्ली एक आणि कुलपं अनेक. कुठल्या दारावर कुठलं कुलूप आहे, त्यावर आत काय घडणार ते ठरतं.

१९५७ साली गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की कुलपं किमान दोन प्रकारची आहेत. एक डायबेन्झिलिनने बंद होतं, त्याला त्यांनी डी म्हटलं. दुसरं मॉर्फिनने, ते एम. हा एम लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

१९७९ मध्ये पेरूट्का आणि स्नायडर यांनी मेंदूतली दोन कुलपं वेगळी केली आणि त्यांना क्रमांक दिले. मग जनुकशास्त्र आलं आणि यादी फुगत गेली. १९८७ मध्ये लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत एक जनुक सापडलं, ज्याच्या प्रथिनाची किल्ली कोणती हेच माहीत नव्हतं. १९८८ मध्ये कळलं की ते सेरोटोनिनचं १ए कुलूप आहे. आधी कोड सापडला, डॉक्युमेंटेशन नंतर लिहिलं गेलं, आपल्या प्रोजेक्टसारखंच. :-) आज सेरोटोनिन रिसेप्टरची सात घराणी आणि त्यांत सुमारे चौदा उपप्रकार मानतात.

परळच्या त्याच परिसरात

आता प्रोस्टेटकडे. केईएमपासून चालत काही मिनिटांवर टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. नाशिकहून पहाटे पंचवटी एक्स्प्रेस पकडून, हातात रिपोर्टची फाइल घेऊन दादरला उतरणारे लोक ज्यांनी पाहिलेत त्यांना या हॉस्पिटलची ओळख करून द्यायची गरज नाही. ते उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ ला.

त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी एक शोधनिबंध छापला. पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असलेल्या पुरुषांचे वृषण काढले, किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिलं, तर रोग मागे हटतो. हाडदुखीने अंथरुणाला खिळलेली माणसं उठून बसली. कर्करोग हा बेबंद, कुणाचं न ऐकणारा असतो अशी तोवरची समजूत होती. हगिन्स यांनी दाखवलं की हा कर्करोग पुरुष-संप्रेरकाचं ऐकतो, आणि ते बंद केलं की तो उपाशी पडतो. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं.

आज ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचाराचा पाया तोच आहे. १९८५ पासून वृषण काढण्याऐवजी ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शनं आली, २०११ मध्ये अमेरिकेत अबिरॅटेरोनला आणि २०१२ मध्ये एन्झालुटामाइडला मान्यता मिळाली, पण तत्त्व एकच: टेस्टोस्टेरॉनचा नळ बंद करा. आपल्याकडे इंजेक्शनचा कायमचा खर्च झेपत नाही म्हणून आजही अनेक रुग्ण एकदाच होणारी शस्त्रक्रिया निवडतात. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, पण ती उपचारात कमी दर्जाची नाही.

अडचण वेगळीच आहे. नळ बंद केल्यावर रोग काही महिने, काही वर्षं दबतो आणि मग बऱ्याच रुग्णांत परत उठतो, टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्य असतानाही. मग तो जगतो कशावर?

इथे ती चिमूट येते.

दोन वाटा भेटतात

प्रोस्टेटमध्ये थोड्या पेशी असतात ज्यांना न्यूरोएंडोक्राइन पेशी म्हणतात, अर्धी चेतापेशी, अर्धी ग्रंथी. त्यांच्या पोटात सेरोटोनिन साठवलेलं असतं. त्यांना पुरुष-संप्रेरकाचा रिसेप्टर नसतो, म्हणजे हगिन्स यांचा नळ बंद झाला काय आणि चालू राहिला काय, यांना फरक पडत नाही. त्या स्वतः फारशा वाढत नाहीत, पण शेजाऱ्यांना वाढीचे निरोप देऊ शकतात. आणि संप्रेरक बंद करण्याच्या उपचारानंतर काही कर्करोगात अशा पेशींचं प्रमाण वाढलेलं दिसतं. साध्या कर्करोगपेशीच वेष पालटून तशा होतात. या प्रकाराचा पूर्ण रूप घेतलेला कर्करोग दुर्मीळ पण फार आक्रमक असतो.

मग साहजिक शंका आली: हे सेरोटोनिन शेजारच्या कर्करोगपेशींना खाऊ घालतंय का?

तपासायचं कसं? प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशींच्या वंशावळी असतात. पीसी-३ ही १९७९ मध्ये एका ६२ वर्षांच्या रुग्णाच्या हाडातल्या गाठीपासून तयार झालेली. तिला पुरुष-संप्रेरक लागत नाही. डीयू-१४५ मेंदूत पसरलेल्या गाठीपासून. एलएनकॅप लसिका ग्रंथीतून. २००४ च्या सुमाराला स्वीडनच्या गटाने प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर सेरोटोनिनची कुलपं असल्याचं दाखवलं. २००६ मध्ये लंडनच्या एका गटाने '५-एचटी१ए' आणि '५-एचटी१बी' ही दोन कुलपं तपासली. सेरोटोनिन घातलं तर पेशी जास्त वाढल्या, आणि ही कुलपं अडवणारी रसायनं घातली तर वाढ मंदावली. जोरकस गाठींच्या नमुन्यांतही ही कुलपं सापडली.

वाचताना उत्साह वाटतो ना? मलाही वाटला. किल्ली सापडली, कुलूप सापडलं, आता कुलपात मेण भरा की झालं!

पण इतिहास पुढे वाचत गेलो की चित्र गढूळ होत जातं. १९९५ साली अमेरिकन संशोधकांनी याच जातीच्या पेशींवर सेरोटोनिन परत शोषून घेणं रोखणारी औषधं, म्हणजे नैराश्यावरच्या गोळ्यांच्या कुळातली, टाकली होती. त्या औषधांनी पेशींबाहेर सेरोटोनिन जास्त रेंगाळायला हवं, म्हणजे वाढ जास्त व्हायला हवी. झालं उलट, वाढ मंदावली. पुढे २०१७ मध्ये पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठातल्या गटाने प्रोस्टेटच्या साध्या, कर्करोग नसलेल्या वाढीवर काम केलं. त्यांना दिसलं की सेरोटोनिन तिथे ब्रेकचं काम करतं, पुरुष-संप्रेरकाचा रिसेप्टर कमी करतं. ज्या उंदरांत मेंदूबाहेरचं सेरोटोनिन बनत नव्हतं त्यांचं प्रोस्टेट मोठं झालं.

म्हणजे एकाच ग्रंथीत, एकच रेणू, एका अवस्थेत ब्रेक आणि दुसऱ्या अवस्थेत अ‍ॅक्सिलरेटर. कुलूप कुठलं, पेशी कुठली, रोग कुठल्या टप्प्यावर, यावर सगळं अवलंबून. शिवाय काचेच्या ताटलीत औषधाचा जो डोस टाकता येतो तो माणसाच्या रक्तात सुरक्षितपणे गाठता येईलच असं नाही. सेरोटोनिनचं कुलूप अडवून प्रोस्टेट कर्करोग बरा करणारं एकही मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही. २००६ च्या त्या निबंधाला इतकी वर्षं झाली तरी नाही.

एका गोळीची गोष्ट

हे सगळं मी फक्त कुतूहलापोटी वाचत नव्हतो. इथल्याच एका मित्राच्या काकांना प्रोस्टेट कर्करोग आहे. संप्रेरक बंद करणारं इंजेक्शन चालू. त्यानंतर त्यांना उदास वाटू लागलं, झोप उडाली, म्हणून डॉक्टरांनी नैराश्याची एक गोळी सुरू केली. मग कुणीतरी फोनवर एक लेख पाठवला: 'सेरोटोनिन प्रोस्टेट कर्करोग वाढवतं'. काकांनी दोन आणि दोन चार केले. गोळी सेरोटोनिन वाढवते, सेरोटोनिन कॅन्सर वाढवतं, म्हणून गोळी बंद. कुणाला न सांगता, एका रात्रीत. पाच-सहा दिवसांत चक्कर, चिडचिड, रात्रभर येरझारा. काकूंना वाटलं रोग डोक्यात गेला.

मित्राने मला लेख पाठवून विचारलं, "तू हे वाचतोस ना, खरं आहे का रे?"

मी डॉक्टर नाही, त्यामुळे पहिलं उत्तर एकच होतं: आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन कर. डॉक्टरांनी गोळी परत सुरू करायला सांगितली आणि ती बंद करायचीच असेल तर हळूहळू कमी करत कशी बंद करायची ते समजावलं. काका आता ठीक आहेत. पण काकांचा तर्क मूर्खपणाचा होता असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात जेवढे तुकडे होते तेवढ्यातून कुणीही तेच चित्र जुळवलं असतं. त्यांना मिळाला नव्हता तो उरलेला इतिहास.

आणि या इतिहासात असाच एक प्रसंग आहे, आपल्या सर्पगंधेचाच. सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकाच वेळी तीन अभ्यास आले, बोस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकीचे. तिघांचं म्हणणं, रेसरपिन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग जास्त. तीन देश, तीन गट, उत्तर एक. जगभर घबराट. रेसरपिनने प्रोलॅक्टिन वाढतं, त्यामुळे कारणही तयार होतं. पण पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकेना. १९८५ मध्ये हॉर्विट्झ आणि फाइनस्टाइन यांनी चूक दाखवली: तुलनेच्या गटातून हृदयविकार आणि रक्तदाबाचे रुग्ण वगळले होते. अरे, रेसरपिन रक्तदाबाचंच औषध! ज्या गटातून ते औषध घेणारी माणसंच काढून टाकली, तिथे ते औषध कमीच सापडणार. डेटाबेसवर चुकीचा फिल्टर लावून रिपोर्ट काढला तर काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

प्राण्यांतले निष्कर्ष मात्र उरले. भरपूर डोस दिलेल्या नर उंदरांत शुक्राशयाच्या गाठी आढळल्या, म्हणून अमेरिकेच्या अधिकृत यादीत रेसरपिनवर संशयाचा शिक्का अजून आहे. म्हणजे पूर्ण निर्दोष असंही नाही आणि तेव्हा ओरडले तसं दोषीही नाही. विज्ञानात बहुतेक निकाल असेच लागतात, आणि असल्या निकालाची हेडलाइन होत नाही.

सेरोटोनिन खरोखर कुठे कामाला आलं

आता तो 'एम'. १९५७ साली गिनीपिगच्या आतड्यात मॉर्फिनने बंद होणारं ते कुलूप. त्यालाच आज ५-एचटी३ म्हणतात.

केमोथेरपीच्या औषधांनी, विशेषतः सिसप्लॅटिनने, आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात आणि त्यातून सेरोटोनिनचा लोंढा सुटतो. तो लोंढा जवळच्या चेतातंतूंवरच्या ५-एचटी३ कुलपांत शिरतो, निरोप मेंदूला जातो: विष आलंय, बाहेर काढा. म्हणून उलट्या. दिवसभर, थांबता न थांबणाऱ्या. जुने डॉक्टर सांगतात की उलट्यांच्या भीतीनेच लोक केमो अर्धवट सोडून गावी निघून जायचे. ग्लॅक्सोच्या इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे एक कुलूप नेमकं अडवणारा रेणू बनवला, ऑनडान्सेट्रॉन. अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता. हीच ती कंपनी, जिचा कारखाना आपल्या अंबडला आहे. आज ऑनडान्सेट्रॉनची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, लहान मुलांच्या उलट्यांवर सुद्धा देतात. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात २००४ पासून डोसेटॅक्सेल वापरात आलं, आणि न्यूरोएंडोक्राइन प्रकारात सिसप्लॅटिनच्या कुळातली औषधं लागतात. तो रुग्ण केमो पूर्ण करू शकतो यात गिनीपिगच्या आतड्याचा वाटा आहे.

दुसरी जागा अधिक घरगुती. टेस्टोस्टेरॉन बंद केलं की पुरुषांना, पाळी थांबलेल्या बायकांसारख्या, अंगातून वाफा निघतात. रात्री घामाने उशी भिजते. आजोबा ते लाजेने सांगत नाहीत, पंखा पाचवर ठेवतात आणि आजीशी भांडतात. यावर सेरोटोनिनच्या वाटेने काम करणारं व्हेनलाफॅक्सिन हे एक औषध वापरतात. २०१० मध्ये छापलेल्या फ्रान्समधल्या एका तुलनेत संप्रेरकाच्या कुळातली दोन औषधं त्याच्याहून जास्त प्रभावी ठरली, पण काहींना ते पुरतं आणि मूडलाही हातभार लागतो.

म्हणजे बघा, कर्करोगपेशीवरचं कुलूप अडवण्याचं स्वप्न अजून ताटलीतच आहे, पण आतड्यातलं कुलूप अडवून लाखो माणसांचा उपचार सुसह्य झाला. बरं करण्यात नाही, टिकून राहण्यात मदत. सेरोटोनिनची प्रोस्टेट कर्करोगातली आजवरची खरी भूमिका ही.

मग आपण काय करायचं?

मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली, देशातली पहिली. त्या आणि पुणे, दिल्लीच्या नोंदणीत प्रोस्टेट कर्करोग आता पुरुषांच्या पहिल्या दहांत आहे. आपले वडील त्या वयाकडे निघालेत. तेव्हा तीन साध्या गोष्टी.

एक, लघवीचा त्रास म्हणजे कर्करोगच असं नाही, बहुतेकदा ती साधी वाढ असते. पण कमरेत, हाडात न थांबणारं दुखणं, लघवीत रक्त, किंवा घरात वडील-भावांना हा रोग झालेला असेल तर युरॉलॉजिस्टला दाखवा. पीएसए तपासणी कुणी, कधी करायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. आकडा एकटा काही सांगत नाही.

दोन, उपचार चालू असेल तर सगळ्या गोळ्यांची यादी खिशात ठेवा, मूडची, उलटीची, आयुर्वेदाची, सगळी. संप्रेरक बंद करणारा उपचार, ऑनडान्सेट्रॉन आणि सिटॅलोप्रामसारखी काही नैराश्याची औषधं, या तिन्हींचा हृदयाच्या ठोक्याच्या विद्युत लयीवर परिणाम होऊ शकतो. तिन्ही एकत्र आहेत हे एकाच डॉक्टरला माहीत असायला हवं. आणि बीपीच्या गोळीसोबत सर्पगंधेचं चूर्णही चालू असेल तर तेही सांगा, ती साधी पालेभाजी नाही.

तीन, वडिलांना विचारा. "बाबा, रात्री किती वेळा उठता?" एवढंच. आपल्या घरांत हा प्रश्न मुलगा बापाला विचारत नाही. सुरुवातीला ते उडवून लावतील. पुन्हा विचारा.

वकिलांनी १९४९ मध्ये काही चमत्कार केला नव्हता. जी मुळी सगळ्यांना माहीत होती ती देऊन आकडे लिहून ठेवले, चांगले आणि वाईट दोन्ही, आणि लोकांना वाचू दिले. पुढचं सगळं त्यातून उगवलं. ताटलीतल्या पेशींवरचे निबंध वाचताना मला त्या पन्नास माणसांच्या तक्त्याची आठवण राहते. ताटलीनंतर माणूस येतो, माणसानंतर आकडे येतात, आणि आकड्यांनंतर गोळी. मधली एखादी पायरी गाळून कुणी लेख पाठवला, तर गोळी सुरू करायच्या किंवा बंद करायच्या आधी एक फोन डॉक्टरांना करा.

सर्पगंधेवर खूप लिहायचं राहिलं. तिची मुळं इतकी उपटली गेली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. ते पुन्हा कधीतरी. सोमवार उजाडायच्या आत झोपलेलं बरं.